वाट आधी पायांना विचारावी



सार्वजनिक बांधकाम खात्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. रस्ते, मोऱ्या, साकव सगळं केलं. घाटातल्या वळणाला उतार किती ठेवायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. पण निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घराभोवतीची साठ-सत्तर फुटांची वाट काही मला पहिल्या खेपेला धड करता आली नाही. ती दोनदा करावी लागली. पहिली केली ती माझ्या हुशारीनं. दुसरी केली ती आईचं हाड मोडल्यावर. घराभोवती फरशी घालायचा, बाग करायचा बेत तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर आमची फजिती आधी ऐकून ठेवा, म्हणून आज बोलतो आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात. जुनं, कौलारू. पुढे अंगण, त्यात तुळशीवृंदावन. मागच्या दारी विहीर, मोरी, कपडे वाळत घालायची दांडी आणि त्यापलीकडे नारळी-पोफळीचं आगर. बेड्यापासून ओटीपर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी होती, आजोबांच्या वेळची. ती सरळ नव्हती. बेड्यातून आत शिरली की फणसाला लांबून वळसा घालायची, तुळशीपाशी जरा रुंदावायची आणि मग ओटीकडे वळायची. हा वळसा कशासाठी, असं मी जन्मात कधी विचारलं नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडलाही त्यानं झोडपून काढलं. आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या. पुढच्या अंगणातला आंबा मुळासकट उपटला गेला आणि जाताना निम्मी पाखाडी उखडून गेला. फणस तेवढा राहिला. टाळेबंदीचे दिवस, भाऊ मुंबईत अडकलेला, लाकडं तोडायला माणूस मिळेना. अंगण साफ व्हायलाच दिवाळी उजाडली.

मग मी कागद घेऊन बसलो. घर काढलं, बेडं काढलं आणि पट्टी ठेवून मधोमध सरळ रेघ मारली. वाट सरळ आणि आजूबाजूचं सगळं अंगण पक्कं. खाली चार इंच काँक्रीट, वर पार्किंग टाइल्स. चिखल नको, गवत नको, दर वर्षी सारवणं नको. फणसाच्या बुंध्याभोवती फूटभर गोल मोकळा ठेवला, तोही देखणा दिसावा म्हणून. बायको म्हणाली, "अहो, एवढं पाणी जाणार कुठे?" मी म्हटलं, "पाइप टाकलाय." एकतीस वर्षं मोऱ्या बांधलेल्या माणसाला हे बायकोनं विचारावं, याचा मला थोडा रागही आला.

आता हिशेब बघा. आमच्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्या जागेवर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं सुमारे तीन लाख लिटर. मी दोन गुंठे पक्के केले होते. म्हणजे जे सहा लाख लिटर पाणी पूर्वी मातीत, मुळांत, दगडांच्या फटींत जिरत होतं किंवा सावकाश वाहून जात होतं, ते मी एका चार इंची पाइपाच्या तोंडाशी आणून उभं केलं. २०२१ च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाइपात पाचोळा अडकला आणि पाणी पडवीत आलं. वादळातही जे पाणी पडवीत शिरलं नव्हतं, ते माझ्या टाइल्सवरून आलं.

पण खरा प्रसंग पुढे श्रावणात घडला.

वाट सरळ केल्यामुळे तिची लांबी कमी झाली होती. लांबी कमी झाली की उतार वाढतो. तो बसेना म्हणून मी मधे एक पायरी काढली. एकच, चार इंचांची, त्याच रंगाच्या टाइलची. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सकाळी परडी घेऊन पारिजातकाखाली फुलं वेचायला जायची, हा तिचा लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा नेम. त्या दिवशी रिपरिप चालू होती. टाइलवर शेवाळाचा हिरवा, नजरेला जेमतेम दिसणारा थर आला होता. तिथे पायरी आहे, हे आईला माहीत होतं. पण तिच्या पायांना साठ वर्षं तिथे पायरी माहीत नव्हती. ती पडली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, सळई घातली. तीन महिने ती खाटेवर होती. मला ती एका शब्दानं बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "अरे, वाट तू चांगली केलीस. पण मी तिकडून कधी जायचेच नाही रे." हे वाक्य मला खात्याच्या कुठल्याही मेमोपेक्षा जास्त लागलं.

दिवाळीनंतर मी आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. जुन्या पाखाडीचं काम त्याच्या वडिलांनी केलेलं होतं. तो आला, ओटीच्या पायरीवर उकिडवा बसला, पान लावलं आणि म्हणाला, "भाऊ, ही वाट तुम्ही बेड्याकडून काढलीत की घराकडून?"

"बेड्याकडून."

"थितंच चुकलं. बेड्यातून पावणा येतो, म्हयन्यातून चार येळा. घरातली बायमाणसं दिसातून ईस येळा इहिरीवर जातात. वाट घराकडून काढायची."

मग त्यानं वळशाचं कोडं सोडवलं. वळसा होता तो उतार लांबवण्यासाठी, म्हणजे पायरी लागू नये म्हणून. फणसाची मुळं वाचावीत म्हणून. आणि वरच्या अंगाचं पाणी वाटेच्या कडेनं हळूहळू जाऊन आगरात उतरावं म्हणून. घाटरस्त्याला वळणं का देतात, हे मी पोरांना शिकवत होतो. घरच्या अंगणात मात्र मला ते दिसलं नाही.

त्यानंतर आम्ही जे केलं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम म्हणजे आठ दिवस काहीच केलं नाही. एक वही ओटीवर ठेवली. घरातलं कोण, कुठून कुठे गेलं, याच्या रेघा मारायच्या. आठवड्यानं बेरीज केली, तेव्हा ओटी ते बेडं अशा दिवसाला सहा-सात फेऱ्या निघाल्या. मागचं दार, विहीर, मोरी, दांडी या टापूत तीसच्या वर! आणि मी पैसा ओतला होता पुढे. मागे बायको चिखल तुडवत होती.

नवीन घर असेल, तर ही वही ठेवता येत नाही. तिथे एक पावसाळा थांबा. गवत कुठे मरतं, ते बघा. माणसं जिथून खरोखर चालतात, तिथलं गवत आपोआप मरतं. आणखी एक कारण आहे. नव्या घराभोवती भराव घातलेला असतो, तो एक पावसाळा बसल्याशिवाय त्यावर फरशी घातलीत तर ती खचणार, हे ठरलेलं.

दुसरं काम पाण्याचं. भर पावसात छत्री घेऊन अंगणात उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून बाहेर पडतं, ते बघायचं. पागोळ्या कुठे पडतात, ते बघायचं. त्या रेषेत वाट आणायची नाही. वाट पागोळीपासून दोन फूट तरी लांब ठेवायची. वाटेला एका अंगाला उतार हवा. चार फूट रुंदीला एक इंच पुरतो. तेवढा उतार पायाला जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. हा उतार नेहमी घरापासून लांब जाणारा हवा आणि त्या अंगाला वीतभर खोल उघडा चर. पाइप बुजला तर कळत नाही. चर बुजला तर दिसतो आणि फावड्यानं मोकळा होतो.

तिसरं, आखणी कागदावर करू नका. जमिनीवर करा. खुंट्या मारा, सुतळी बांधा, चुन्याची फक्की टाका आणि पंधरा दिवस तिच्यावरूनच चाला. पाण्याची कळशी घेऊन चाला, रात्री चाला, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला चालवा. आमची फक्की तीन वेळा बदलली. तिसऱ्या वेळी आई वॉकर घेऊन उभी राहू लागली होती. वॉकरच्या चार पायांना आणि तिच्या कोपरांना पुरून उरेल एवढी रुंदी मोजली, ती तीन फूट भरली. म्हणून तिच्या वाटेची रुंदी साडेतीन फूट ठरली. पुढची वाट चार फूट, म्हणजे दोन माणसं शेजारी-शेजारी बोलत येऊ शकतात. आगराकडे जाणारी दोन फूट. तिथे एकट्यानंच जायचं असतं.

चौथं, पायऱ्या. टाळता आल्या तर टाळा आणि वाट लांबवा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर फूटभर चढाला बारा फूट लांबी हवी. यापेक्षा खडा करू नका. पायऱ्या करायच्याच असतील, तर सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाचा हिशेब अजून उपयोगी पडतो. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवायची रुंदी यांची बेरीज दोन फुटांच्या आसपास यावी. अंगणात मी उंची साडेपाच इंच आणि रुंदी चौदा इंच धरतो. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. आणि एकटी-दुकटी पायरी कधीही नको. तीन पायऱ्या माणसाला लांबून दिसतात, एक दिसत नाही. हे वाक्य मी लिहून घराच्या दारावर लावायला हवं.

हिरवळीतून मधे-मधे एकेक दगड टाकायची हल्ली फॅशन आहे. चित्रात छान दिसतं. पण दगडांतलं अंतर बहुधा गवंड्याच्या ढांगेनं ठरतं. लुगडं नेसलेल्या बाईचं पाऊल दीड फुटाचं, पोराचं त्याहून लहान. घरात म्हातारं माणूस असेल, तर ही वाट शोभेपुरतीच ठेवा, रोजच्या जाण्यायेण्यावर नको.

आता दगड. आपल्याकडे जांभा, देशावर काळा पाषाण, शिवाय शहाबादी, कडाप्पा, कोटा, सगळं मिळतं. दगड कोणताही घ्या, तो घोटलेला घेऊ नका. पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात, तशी वाटेच्या दगडाला टाकी लावून घ्या, म्हणजे पाय धरतो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कठीण होतो. पण सच्छिद्र असल्यामुळे सावलीत त्यावरही शेवाळ धरतं. जांभा घातला की घसरणार नाही, अशा भ्रमात राहू नका. ऊन लागू द्या, खराटा मारा आणि आमच्याकडे पूर्वीपासून करतात तशा पावसाळ्यात वाटेवर नारळाच्या झावळ्या पसरा. झावळीवरून पाय घसरत नाही.

वाटेखाली काँक्रीट आम्ही दुसऱ्या वेळी घातलंच नाही. आठ इंच खणलं, डबर भरून चोपलं, वर मुरूम, त्यावर दोन इंच जाड वाळू आणि त्यावर दगड. सांध्यांत सिमेंट नाही, माती. पाणी सांध्यांतून खाली जातं. एखादा दगड बसला, तर उचलून खाली वाळू सारता येते. त्यासाठी ठेकेदार लागत नाही, मी एकटा करतो. उखडलेल्या पार्किंग टाइल्सपैकी शाबूत निघाल्या तेवढ्या गोठ्यात उपयोगी पडल्या. बाकी पैसे गेले, ते गेलेच.

फणसाचं सांगायचं राहिलं. वादळातून वाचलेलं ते झाड माझ्या काँक्रीटखाली गुदमरत होतं. झाडाचं मूळ खोल पाताळात जातं असा आपला समज असतो. खरं तर पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पानांचा घेर संपतो त्याच्याही बाहेर पसरतात. त्यांना हवा लागते. बुंध्याभोवती फूटभर गोल सोडणं म्हणजे माणसाचं नाक उघडं ठेवून छातीवर धोंडा ठेवण्यासारखं. त्या पावसाळ्यात त्याची वरची एक फांदी वाळली. आम्ही पानांच्या घेराखालची सगळी फरशी काढली, पाचोळा पसरला. दोन वर्षांनी फणस पुन्हा धरले, पूर्वीइतके नाहीत.

वाट झाडाखालून न्यायची की नाही, हे झाड बघून ठरवा. नारळाखालून कधीही नको. नारळ आणि सुकी झावळी पडायच्या आधी हाक मारत नाही. जांभळाखालून नेलीत तर मे-जूनमध्ये घरभर जांभळी पावलं. शेवग्याची फांदी ठिसूळ. बकुळ, सोनचाफा, पारिजातक यांच्याजवळून मात्र खुशाल न्या.

वाटेच्या कडेला दाट झुडपं लावू नका. आमच्या भागात फुरशी असतात, आणि दगडाच्या सांदीत, पाचोळ्यात ती दिसत नाहीत. दोन्ही कडांना दीड फूट पट्टा आखूड ठेवा. त्यात अबोली, लिली, पावसाळ्यात तेरडा. गवती चहा थोडा मागे. आणि दिवा खांबावर उंच लावण्यापेक्षा गुडघ्याच्या उंचीवर लावा, म्हणजे पाऊल पडतं तिथे उजेड पडतो. मोरीचं पाणी जातं तिथे अळू, कर्दळ, केळ लावलीत तर तिथून चिखलही जातो आणि भाजीही येते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतंच.

पुण्या-नाशकाकडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडे कुठे आगर आणि फणस? पण बंगल्याच्या तिन्ही अंगांना दहा-दहा फूट जागा असते, सोसायटीला आवार असतं. तिथेही पहिला विचार येतो तो सगळं फरशीनं झाकून टाकायचा. कोकणाच्या मानानं तिथे पाऊस कमी, म्हणून तर तो जमिनीत जिरायला जास्त हवा. चाकं जातात तिथे दोन पट्टे पक्के करा, माणसं चालतात तेवढी वाट करा आणि बाकीची माती मातीच राहू द्या. कार्तिक ते फाल्गुन हे दिवस या कामाला चांगले. आणि काम सुरू करण्याआधी घरातल्या सर्वांत जास्त चालणाऱ्या माणसाला आणि सर्वांत कमी चालू शकणाऱ्या माणसाला विचारा. आमच्या घरी पहिली माझी बायको आणि दुसरी माझी आई. पहिल्या वेळी मी दोघींनाही विचारलं नव्हतं.

आई आता वॉकर घेऊन चालते. विहिरीकडे जात नाही, ते संपलं. ओटीपासून पारिजातकापर्यंत मात्र एकही पायरी नाही, आणि मधे टेकायला जांभ्याचा एक बुटका कट्टा बांधला आहे. सकाळी ती कट्ट्यावर थांबते, दम खाते आणि पुढे जाते. परडी वॉकरला अडकवलेली असते. वाकता येत नाही, म्हणून फुलं माझी बायको वेचते आणि कुठलं राहिलं, ते आई काठीनं दाखवते.

परवा मला म्हणाली, "वाट दोन फूट अलीकडेच संपवलीस तू. चांगली फुलं पलीकडे पडतात."

काल मी पुन्हा फक्की टाकली आहे. आठ-दहा दिवस चालून बघतो आणि मग दगड मागवतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)